दहा खरे की चौदा खरे? वायूच्या मापांचा हिशेब



गळीत हंगामाच्या शेवटी-शेवटी आमचे एक सभासद गट ऑफिसात आले. त्यांचा मुलगा डिस्टिलरीत कामाला लागला आहे. डिस्टिलरीच्या मागे स्पेंटवॉशचा डायजेस्टर आहे, त्याच्या फाटकावर पिवळा फलक आहे. फलकावर लिहिले आहे, 'हायड्रोजन सल्फाइड : मर्यादा १० पीपीएम'. आणि मुलाला कामावर घेताना जे सुरक्षापत्रक हातात दिले, त्यात त्याच वायूपुढे आकडा आहे १४. सभासद म्हणाले, "साहेब, काट्यावर दोन आकडे निघाले तर आम्ही भांडतो. इथं तर पोराच्या जिवाचा प्रश्न आहे. दहा खरे की चौदा खरे?"

प्रश्न रास्त होता. ऑफिसात त्या वेळी चार-पाच जाणती मंडळी बसली होती, पण कोणालाही पटकन उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. म्हणून हा लेख. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाची झोप उडायला नको. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे. मात्र दोन्हींपुढचे माप वेगळे आहे, आणि पत्रकात ते माप इतक्या बारीक अक्षरात छापले होते की कोणाचे तिकडे लक्षच गेले नाही. दहाच्या पुढे 'पीपीएम' होते. चौदाच्या पुढे 'मिलिग्रॅम प्रति घनमीटर' होते.

हे आकडे कारखान्याने मनाने घातलेले नाहीत. १९८४ साली भोपाळची वायुदुर्घटना झाली. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि कामाच्या जागी हवेत कोणता वायू किती चालेल याचे एक परिशिष्ट जोडले गेले. त्यात प्रत्येक वायूपुढे दोन रकाने होते, एक पीपीएमचा आणि एक मिलिग्रॅमचा. हायड्रोजन सल्फाइडपुढे आठ तासांच्या पाळीसाठी १० आणि १४, तर पंधरा मिनिटांच्या थोड्या कामासाठी १५ आणि २१ असे आकडे होते. एकाने पहिला रकाना उतरवून फलक रंगवला, दुसऱ्याने दुसरा रकाना उतरवून पत्रक छापले. झाला घोटाळा.

आता दोन मापे कशासाठी, ते पाहू.

आपल्या फडात ऊस मोजायच्या दोन रीती आहेत. तोडकरी मोळ्या मोजतो, काटा टन मोजतो. दहा मोळ्या जाड, रसरशीत उसाच्या असल्या तर वजन जास्त भरते. दहाच मोळ्या वाळक्या, बारीक खोडव्याच्या असल्या तर कमी भरते. मोळ्या दहाच, वजन निराळे. वायूचेही अगदी तसेच आहे. पीपीएम हे मोळ्या मोजणे आहे आणि मिलिग्रॅम हे काट्यावर घालणे आहे. कोणत्या वायूची 'मोळी' किती जड, हे त्याच्या रेणुभारावरून कळते. हायड्रोजन सल्फाइडचा रेणुभार ३४, गंधकाच्या धुराचा म्हणजे सल्फर डायऑक्साइडचा ६४, कार्बन डायऑक्साइडचा ४४, मिथेनचा १६. हवा हे मिश्रण आहे, तिचा सरासरी २९ धरतात.

पीपीएम हा शब्द आपल्याकडे नवा नाही. द्राक्षबागवाल्यांना तर तो पाठच असतो. जीएची फवारणी दहा पीपीएमची म्हटली की शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. एक टन उसाचे ग्रॅम केले तर दहा लाख होतात. तेव्हा टनात एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. पण इथे एक खोड आहे, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. फवारणीच्या पाण्यातला पीपीएम वजनाचा असतो. हवेतल्या वायूचा पीपीएम मात्र आकारमानाचा असतो, म्हणजे दहा लाख लिटर हवेत एक लिटर वायू. नाव एकच, हिशेब दोन. फवारणीच्या पाण्यात एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, हे सूत्र हवेला लावले तर उत्तर शेकडो पटींनी चुकते.

मग एकातून दुसऱ्यात जायचे कसे? वायूंना एक छान सवय आहे. एकाच तापमानाला आणि एकाच दाबाला, कोणताही वायू घ्या, सारख्या जागेत सारखेच रेणू बसतात. इटलीच्या आव्होगाद्रोने १८११ साली हे मांडले. त्यामुळे वायूचा रेणुभार जेवढा, तेवढे ग्रॅम वायू घेतला की तो २५ अंश सेल्सिअसला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला २४.४५ लिटर जागा व्यापतो, मग तो हलका मिथेन असो की जड क्लोरीन. सूत्र एवढेच : पीपीएमला रेणुभाराने गुणा आणि २४.४५ ने भागा, मिलिग्रॅम प्रति घनमीटर मिळतात. उलट जायचे तर मिलिग्रॅमला २४.४५ ने गुणा आणि रेणुभाराने भागा.

दहा गुणिले ३४ म्हणजे ३४०. भागिले २४.४५, उत्तर १३.९. तेच पत्रकातले १४. सभासदांसमोर आम्ही हे पाटीवर मांडून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "एवढंच होय!" एवढेच होते. पण एवढेच न कळल्याने बाप महिनाभर काळजीत होता.

पाठ करायचे असेल तर ठोकळमानाने असे धरा. एक पीपीएम हायड्रोजन सल्फाइड म्हणजे १.४ मिलिग्रॅम, सल्फर डायऑक्साइड २.६, कार्बन मोनॉक्साइड १.१५, कार्बन डायऑक्साइड १.८, क्लोरीन २.९, अमोनिया ०.७. हलका वायू असेल तर मिलिग्रॅमचा आकडा पीपीएमपेक्षा लहान येतो, जड असेल तर मोठा येतो. म्हणून नुसता आकडा पाहून कोणाला हायसे वाटू नये आणि कोणी घाबरूही नये.

तापमानाचाही थोडा विचार करावा लागतो. उन्हाने हवा फुगते. चाळीस अंशांच्या वैशाखात २४.४५ च्या जागी २५.७ धरावे लागते. फरक पाच टक्क्यांचा, तो सोडून दिला तरी चालेल. चिमणीत मात्र तो सोडता येत नाही. दीडशे अंशांचा धूर इतका फुगलेला असतो की त्याच्या एका घनमीटरात माल कमी दिसतो. गरम धुरात घनमीटरला १०५ मिलिग्रॅम राख भरली, तर तोच धूर २५ अंशांवर आणल्यावर आकडा १५० च्या घरात जातो. यासाठीच चिमणीच्या अहवालात 'नॉर्मल घनमीटर' असा शब्द असतो. साखर कारखान्यांच्या चिमणीतून जाणाऱ्या कणांना केंद्र सरकारच्या २०१६ च्या अधिसूचनेने १५० मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर ही मर्यादा घातली. वार्षिक सभेत कोणी चिमणीचा आकडा वाचून दाखवला तर 'नॉर्मल' हा शब्द आहे का, ते जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि हो, राखेला पीपीएम विचारू नका. राख म्हणजे वायू नव्हे, तिला रेणुभार नसतो, ती मिलिग्रॅमनेच मोजायची.

कारखान्याच्या जवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतात, त्याचा उग्र वास सर्वांना ठाऊक आहे. सल्फिटेशनला काम करणाऱ्यासाठी त्या परिशिष्टात मर्यादा होती २ पीपीएम, म्हणजे ५ मिलिग्रॅम. गावाच्या हवेसाठी २००९ साली जी राष्ट्रीय मानके ठरली, त्यात चोवीस तासांची मर्यादा आहे ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. मागे एकजण सांगत होता, कामगाराला पाच आणि गावाला ऐंशी, म्हणजे गावावर सोळापट अन्याय! तसे नाही. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. ऐंशी मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०८ मिलिग्रॅम, पीपीएममध्ये जेमतेम ०.०३. गावाची मर्यादा कामगाराच्या मर्यादेपेक्षा साठपटीहून अधिक कडक आहे, आणि ते योग्यच आहे. कामगार धडधाकट असतो आणि आठ तासांनी घरी जातो. गावात तान्हे मूल असते, दम्याचा म्हातारा असतो, आणि त्यांना तीच हवा रात्रंदिवस घ्यायची असते.

इथवर झाला कारखान्याचा हिशेब. आता तुमच्या-आमच्या मळ्यातला. खरे तर या लेखाचे काम तिथेच आहे.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी एका जुन्या विहिरीत मांजर पडले. विहीर वापरातली नव्हती, तिच्यात शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एक जण उतरला, तो वर येईना. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच माणसे गेली. कमरेला दोर बांधून उतरलेला एकटा वाचला. ही बातमी आपण सर्वांनी वाचली, चार दिवस हळहळलो आणि कामाला लागलो. पण आपल्या कार्यक्षेत्रात गोबरगॅसचे खड्डे आहेत, स्लरीच्या टाक्या आहेत, पडक्या विहिरी आहेत. आणि आपण माणसे अशी की वासरू पडले, बादली पडली, तरी पटकन उतरतो.

हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास. शेण, प्रेसमड, स्पेंटवॉश, कुजका पाला, जिथे जिथे हवेशिवाय कुजणे चालते तिथे तो तयार होतो. एक पीपीएमच्या आतच नाकाला कळतो, इतके आपले नाक तीक्ष्ण आहे. दहा पीपीएमला पाळीची मर्यादा. शंभर पीपीएमला जिवाला तात्काळ धोका आहे असे धरतात, आणि याच सुमारास एक विपरीत गोष्ट होते. नाक बधिर होते. वास येईनासा होतो. माणूस म्हणतो, "आता गॅस गेला वाटतं, वास नाही येत," आणि आणखी दोन पायऱ्या खाली उतरतो. पाचशे ते सातशेला तो झोकांड्या खात काही मिनिटांत कोसळतो. सातशेच्या पुढे हजारापर्यंत एक-दोन श्वासांतच शुद्ध जाते. हाक मारायलाही वेळ मिळत नाही. म्हणून तर वर उभा असलेल्याला वाटते की पाय घसरून पडला, आणि तो मदतीला उडी घेतो.

आता हे आकडे टक्क्यांत मांडू. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम. तेव्हा शंभर पीपीएम म्हणजे ०.०१ टक्का आणि सातशे पीपीएम म्हणजे ०.०७ टक्का. कोणी म्हणेल, शून्याच्या पुढचे शून्य, त्याला काय भ्यायचे! अहो, रिकव्हरीत ०.०१ टक्क्याने फरक पडला तर लाख टन गाळपामागे शंभर क्विंटल साखर इकडची तिकडे होते. सभेत त्यावरून तुम्ही आम्हाला धारेवर धरता, आणि धरावेच. मग छातीत जाणाऱ्या ०.०७ टक्क्याला किरकोळ कसे म्हणायचे?

आणखी सोपे करून सांगतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट खोल असा खड्डा धरा. हजार घनफूट, म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर हवा. त्यात शंभर पीपीएम व्हायला वायू लागतो पावणेतीन-तीन लिटर. आणि सातशे पीपीएम व्हायला वीस लिटर. एक मोठी घागर! एवढ्या मोठ्या खड्ड्यात एक घागरभर वायू मिसळला की माणूस उभा राहत नाही. स्लरीत असा वायू बुडबुड्यांनी अडकून बसलेला असतो. वरून स्लरी शांत दिसते. बांबूने ढवळली किंवा माणूस तिच्यात पाय टाकून चालू लागला की तो एकदम सुटतो. त्यामुळे उतरण्याआधी बरा असलेला खड्डा उतरल्यावर बरा राहीलच असे नाही.

"आमच्या आज्याच्या वेळेपासून विहिरीत कंदील सोडून बघतात, तो विझला तर उतरायचं नाही," असे जुनी माणसे सांगतात. ही रीत चुकीची म्हणवत नाही, पण ती कोणत्या वायूसाठी होती हे समजून घ्यावे. स्वच्छ हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत उतरला की ज्योत विझते. पाच-सहा परस खोल पडकी विहीर, तळाला कुजका पाला, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड म्हणून खाली साचलेला, आणि त्याने प्राणवायू हटवलेला. अशा ठिकाणी कंदील खरे सांगे. पण सातशे पीपीएम हायड्रोजन सल्फाइडने प्राणवायू किती हटतो? २०.९ चा होतो २०.८८. कंदील मजेत जळत राहतो आणि माणूस मरतो. म्हणजे कंदील टक्क्यांतले सांगतो, पीपीएममधले त्याला कळतच नाही.

त्यातही गोबरगॅसच्या खड्ड्यात कंदील सोडणे म्हणजे आत्मघात. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. हवेत मिथेन पाच ते पंधरा टक्के असला की ठिणगीला भडका उडतो. तिथे काडी ओढायची नाही, विडी नाही, मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकवायचे नाही.

या पाच टक्क्यांवरून मापाचा आणखी एक फसवा प्रकार निघतो. वायू मोजायचा खिशातला मीटर आता मिळतो. त्याच्या पडद्यावर चार आकडे असतात, आणि गंमत पाहा, त्या चार आकड्यांची मापे तीन तऱ्हेची! प्राणवायू टक्क्यांत. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड पीपीएममध्ये. आणि जळणारा वायू 'एलईएल टक्के' या मापात. हे एलईएल टक्के म्हणजे हवेचे टक्के नव्हेत. भडका उडायला जेवढा वायू कमीत कमी लागतो, त्याला शंभर धरून मोजलेले ते टक्के आहेत. मिथेनला तो किमान वायू म्हणजे हवेतला पाच टक्के. तेव्हा मीटरवर १० आले तर हवेत मिथेन दहा टक्के नाही, पाचाचा दहावा हिस्सा, म्हणजे अर्धा टक्का आहे. अर्धा टक्का म्हणजे पाच हजार पीपीएम. आणि १०० आले तर मिथेन पाच टक्के झाला, आता नुसत्या ठिणगीची वाट आहे. आमच्याच एका नव्या मुलाने ४० पाहून 'अजून निम्मेपण नाही' असे म्हटले होते. त्याला तिथल्या तिथे दूर नेले. एलईएलचा आकडा दहावर गेला की काम थांबवायचे असते.

मोकळ्या, स्वच्छ हवेत मीटर चालू केला की २०.९, शून्य, शून्य, शून्य असे दिसले पाहिजे. तसे न दिसले तर मीटर बिघडला आहे, तो घेऊन कुठेही जाऊ नये. मग तो दोरीला बांधून हळूहळू खाली सोडायचा. वरच्या थराला, मध्ये आणि तळाला, तिन्ही ठिकाणी थोडा वेळ थांबवायचा. मिथेनचा रेणुभार १६ म्हणून तो वर जमतो. हायड्रोजन सल्फाइड ३४ आणि कार्बन डायऑक्साइड ४४ म्हणून ते खाली बसतात. तोंडाशी घेतलेला आकडा तळाचा नसतो. प्राणवायू १९.५ च्या खाली गेला किंवा हायड्रोजन सल्फाइड दहाला पोचला की उतरायचे नाही.

या चौघांत कार्बन डायऑक्साइड नाही, हेही ध्यानात ठेवा. आजच्या मोकळ्या हवेत तो सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास, म्हणजे टक्क्याच्या चारशतांश असतो. कामाच्या जागी पाच हजार, म्हणजे अर्धा टक्का ही मर्यादा धरतात. सात-आठ टक्के झाला की प्राणवायू पुरेसा असला तरी माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. डिस्टिलरीच्या फर्मेंटरमध्ये काय होते याचा आम्ही सहज हिशेब केला. १८० किलो साखर आंबली की ९२ किलो अल्कोहोल आणि ८८ किलो कार्बन डायऑक्साइड, जवळजवळ बरोबरी. वरच्या सूत्राने त्याचे आकारमान काढले तर एक लिटर अल्कोहोलमागे चारशे लिटरांहून जास्त वायू निघतो. वास नाही, रंग नाही. फर्मेंटर धुवायला रिकामा केला तरी तो तळाशी पाण्यासारखा बसून राहतो. म्हणून तिथे लेखी परवान्याशिवाय कोणी उतरायचे नसते, मग तो कितीही जुना माणूस असो.

मीटर नाही, तर काय करायचे? प्रामाणिक उत्तर आहे, उतरायचे नाही. दोर, आकडी, गळ, जे वरून करता येईल ते करावे. माणूस आत पडलाच असेल तर दुसऱ्याने मागोमाग जाऊ नये, ११२ वर फोन करून श्वासाचे यंत्र असलेली अग्निशामकाची माणसे बोलवावीत, आणि तोपर्यंत वरून हवा सोडावी. हवेचाही हिशेब आहे. पुष्कळांना वाटते, खड्डाभर ताजी हवा सोडली की जुनी सगळी निघून जाते. तसे होत नाही. ताजी हवा जुनीत मिसळते आणि मिसळलेली बाहेर पडते. एक खड्डाभर हवा सोडल्यावर सुमारे ३७ टक्के वायू मागे राहतो. सातशे पीपीएम असेल तर पहिल्या वेळी २६० उरतो, दुसऱ्या वेळी ९५, तिसऱ्या वेळी ३५, चौथ्या वेळी १३, आणि पाचव्या वेळी कुठे ५ वर येतो. आपल्या हजार घनफुटांच्या खड्ड्यात मिनिटाला पाचशे घनफूट हवा देणारा ब्लोअर लावला तर खड्डाभर हवेला दोन मिनिटे, म्हणजे एकूण दहा मिनिटे लागली. आणि तेही तळातून नवा वायू सुटत नसेल तर! स्लरी असेल तर तो सुटतच राहतो. म्हणून ब्लोअर चालूच ठेवायचा, त्याचा पाइप तळापर्यंत सोडायचा आणि पुन्हा मीटर लावून बघायचे. डिझेल इंजिन काठावर ठेवून त्याच्या धुराचे तोंड विहिरीकडे करू नये. तो धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला वासाचीसुद्धा दया नाही.

ज्या सभासदांच्या घरी अकरावी-बारावीची मुले-मुली आहेत त्यांच्यासाठी एक गणित देतो. गोबरगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड ०.२ टक्के आहे. हे किती पीपीएम झाले? किती मिलिग्रॅम प्रति घनमीटर झाले? आणि असा गॅस आपल्या दहा-दहा-दहा फुटांच्या खड्ड्यातल्या हवेत किती घनफूट मिसळला म्हणजे तिथे शंभर पीपीएम होईल? पहिल्या दोन उत्तरांचा पडताळा पाहण्यासाठी सांगतो : २,००० आणि सुमारे २,७८०. तिसरे उत्तर पन्नास घनफुटांच्या आसपास आले पाहिजे. पन्नास घनफूट म्हणजे पावणेचार फूट लांबी, रुंदी आणि उंचीची एक पेटी. उत्तर जुळले नाही तर वही घेऊन गट ऑफिसात या. ते सभासदही आता तिथे असतात, ते समजावून सांगतील.